टानला उतरणारा रस्ता

बाबांनी नकाशावरची पेन्सिलीची रेघ पुन्हा खोडली, खोडरबराचा भुगा फुंकरीनं उडवला आणि चष्मा कपाळावर चढवून ते खिडकीबाहेर बघत बसले. मी ओट्यापाशी कांदा चिरत होते. आई डाळीला फोडणी घालत होती.

“आता काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. या मोठ्या डोंगरावरनं मागं फिरू. आलो त्याच वाटेनं.”

हे ऐकून मला खरोखरच वैताग आला. आदल्या दिवशी दुपारभर खपून आम्ही दोघांनी एक सुरेख गोल रस्ता आखला होता. गेलो त्याच वाटेनं परत यायचं म्हणजे त्या गोलाचा अर्धा भाग फुकट.

मी तेव्हा जर्मनीत फ्रायबुर्गला राहत होते. सौरऊर्जेच्या एका प्रयोगशाळेत काम करत होते. गावाच्या पूर्वेला डोंगर, त्याला तिकडचे लोक काळं अरण्य म्हणतात. पश्चिमेला ऱ्हाईन नदी, नदीपलीकडे फ्रान्स, आणि तिथं पुन्हा तसाच एक डोंगर, व्होज नावाचा. स्वच्छ दिवशी या डोंगरावर उभं राहिलं की तो डोंगर दिसतो. दोन्हीकडं घाटाचे रस्ते असे की मोटरसायकल चालवणाऱ्या माणसाला तिथं जन्म काढावासा वाटावा. आणि बाबा तसे होते. इचलकरंजीत कापड रंगवायच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली, पण सुट्टी मिळाली की येझदी काढून आंबोली, गगनबावडा, फोंडा असे घाट पालथे घालायचे. मलाही गाडी त्यांनीच शिकवली. ते निवृत्त झाले तेव्हा मी आईला आणि त्यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की आपण दोघं भाड्यानं दोन गाड्या घेऊ आणि तीन-चार दिवस या दोन डोंगरांतून हिंडू. आईला वळणावळणाच्या रस्त्यावर मळमळायचं. ती म्हणाली, मी घरीच बरी, तुम्ही बापलेक जाऊन या.

बेत आखण्यात बाबांना प्रत्यक्ष जाण्याइतकीच गोडी होती. मोबाइलवर रस्ता बघणं त्यांना पटेना. मी कागदी नकाशा आणून दिला. तो त्यांनी जेवायच्या टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि रोज सकाळी चहा झाला की ते पेन्सील घेऊन बसायचे. पहिला दिवस काळ्या अरण्यातला. शाउइन्सलांडचा घाट चढायचा, तोही सुट्टीचा दिवस टाळून, कारण शनिवार-रविवारी तिथं मोटरसायकलींना बंदी असते. तिथून फेल्डबर्ग, मग टिटिसेच्या तळ्यापाशी जेवण आणि झोपायला घरी. दुसऱ्या दिवशी ब्रायझाखच्या पुलावरून नदी ओलांडून कोलमार, मग मुन्स्टरच्या खोऱ्यात मुक्काम. तिसऱ्या दिवशी श्लुख्तच्या खिंडीत चढून डोंगराच्या माथ्यामाथ्यानं जाणारा रस्ता धरायचा. त्या रस्त्यावरून दक्षिणेला गेलं की ग्राँ बालाँ नावाचं व्होजमधलं सगळ्यात उंच शिखर लागतं.

इथवर सगळं ठरलं होतं. पुढं तो रस्ता उतरतो आणि पायथ्याशी टान नावाचं छोटं गाव लागतं. तिथून म्यूलूजवरून नदी ओलांडली की आपण घरी. अगदी सरळ गोष्ट. पण बाबांची पेन्सील शिखरापर्यंत तरतर यायची आणि तिथं अडायची. एका सकाळी ते स्वतःच टानपर्यंत रेघ ओढायचे, दुसऱ्या सकाळी खोडायचे. त्या जागी नकाशाचा कागद पिंजून त्याला लव आली होती.

मी त्या दिवशी हट्टच धरला. टानमध्ये काय वाईट आहे ते सांगा, म्हटलं. बाबा म्हणाले की तिकडं बघण्यासारखं काही नाही. तुम्हाला काय माहीत, असं मी विचारल्यावर ते म्हणाले, “असू दे की. मोठ्या रस्त्यावर ट्रकांची वर्दळ असती.” असं म्हणून त्यांनी नकाशाची घडी घातली आणि आईला म्हणाले, “तुम्ही वाढायला घ्या. मेघूला भूक लागली असंल.”

बाबा आईला तुम्ही म्हणायचे. आमच्या भागात बायकोला अहोजाहो करणारा नवरा शोधून सापडणार नाही. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की यावरून हसायच्या. मला मात्र त्याचा अभिमान होता. बाबांनी आईवर कधी आवाज चढवला नाही, कधी तिचं म्हणणं मोडलं नाही, कधी तिच्याकडं काही मागितलं नाही. पाणीसुद्धा ते स्वतः उठून घ्यायचे. मोठी झाल्यावर मात्र कधी कधी वाटायचं की या दोघांत कुठंतरी एक जागा रिकामी आहे. पाहुणा यजमानाशी जपून वागतो तसं बाबांचं वागणं होतं. पण आईबापांच्या संसाराबद्दल आपण किती विचार करतो? तो असतोच, घराच्या भिंतींसारखा.

त्या दिवशी जेवताना आईनं पानातून वर न बघता सांगितलं, “मी पण येणार.”

बाबांनी घास हातातच धरला. मी तिला मळमळीची आठवण करून दिली. ती म्हणाली की औषधाची गोळी घेईन. मी म्हटलं, साडीवर या गाड्यांवर बसता येत नाही. ती म्हणाली, मग जे घालतात ते आणून दे.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन मोटरसायकलवाल्यांच्या कपड्यांच्या दुकानात गेले. छप्पन्न वर्षांची माझी आई, जिनं जन्मात साडीशिवाय काही नेसलं नव्हतं, ती पडद्याआडून गुडघ्यांवर जाड गाद्या शिवलेली काळी पँट घालून बाहेर आली आणि आरशापुढं उभी राहिली. मला वाटलं ती लाजेल. तिनं एकदा पुढून, एकदा पाठमोरी होऊन बघितलं आणि कमरेत जरा ढिली आहे एवढंच म्हणाली. दुकानातल्या बाईनं लहान मापाची आणून दिली.

तिथून आम्ही चालत निघालो. गावातून द्रायझाम नावाची छोटी नदी वाहते, तिच्या काठानं. ऊन छान पडलं होतं. एका बाकावर आई बसली आणि मला म्हणाली, “टानला तुझे काका राहतात.”

मला एक काका आहेत आणि ते फ्रान्सला असतात, एवढं मला ठाऊक होतं. श्रीपादकाका. ते कापडाच्या रंगांचं शिक्षण घ्यायला गेले, तिथल्याच एका बाईशी लग्न केलं आणि परत आले नाहीत. आजोबांनी त्यांचं नाव टाकलं होतं. आजोबा गेल्यावरही ते नाव आमच्या घरात परतलं नाही. मला फ्रायबुर्गला नोकरी लागली तेव्हा बाबांनी फोनवर एकदाच विचारलं होतं की तिथून फ्रान्स किती लांब. अर्ध्या तासावर, मी म्हटलं. “होय का,” म्हणाले आणि हवापाण्याचं बोलायला लागले. काका कुठल्या गावी आहेत हे त्यांना माहीत होतं. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले म्यूलूजला यंत्रं बघायला गेले असताना त्यांना भेटून आले होते आणि त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं. मला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

“म्हणून बाबा टाळतायत होय,” मी म्हटलं. “एवढी वर्षं झाली आई. आता काय उरलंय?”

आई नदीकडं बघत होती. मग तिनं मला ती गोष्ट सांगितली, जी तिच्या लग्नात हजर असलेल्या प्रत्येक माणसाला माहीत होती आणि एकट्या मलाच माहीत नव्हती.

तिचा साखरपुडा श्रीपादकाकांशी झाला होता. विट्याला तिच्या माहेरी ते तिला बघायला गेले, पसंती झाली, साखर वाटली आणि पंधरवड्यात काका फ्रान्सला गेले. शिक्षण संपवून आले की लग्न, असं ठरलं. दोन वर्षं ती आम्हा सातपुत्यांची होणारी थोरली सून म्हणून माहेरी राहिली. वैशाखातला मुहूर्त धरला, पत्रिका छापल्या, आणि लग्न तोंडावर आलं असताना काकांची तार आली की मी येणार नाही, मी इथं लग्न केलंय. विट्यात नि इचलकरंजीत, दोन्ही घरांत हाहाकार झाला. मग दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसली आणि मुलीची अब्रू राखायला त्याच मुहूर्तावर, त्याच मांडवात, धाकट्या भावाला उभं केलं. म्हणजे माझ्या बाबांना.

“तोवर ते मला वहिनी म्हणायचे,” आई म्हणाली. “तुम्ही म्हणायचे. लग्न झाल्यावर वहिनी सुटलं. तुम्ही काही सुटलं नाही.”

माझ्या अभिमानाची गोष्ट पायाखालून निसटल्यासारखी झाली. मी तिला विचारलं की आता तिला काकांकडं कशाला जायचंय. ती म्हणाली, “मला त्यांच्याशी बोलायचंय.” काय बोलायचंय, हे तिनं सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही, कारण मला उत्तराची भीती वाटली.

घरी आल्यावर बाबा नकाशा उघडून बसलेले होते. आईनं पिशवी खाली ठेवली, त्यांच्या हातातली पेन्सील घेतली आणि त्या शिखरापासून खाली टानपर्यंत रेघ ओढली. तिला नकाशातलं काही कळत नव्हतं, त्यामुळं ती रेघ रस्त्यावरून न जाता डोंगराच्या पोटातून सरळ गेली.

“इथनं खाली उतरायचं,” ती म्हणाली. “मला अण्णांना भेटायचंय. मेघूला सांगितलंय मी सगळं.”

अण्णा म्हणजे श्रीपादकाका. बाबांनी त्या रेघेकडं बघितलं. “बरं,” म्हणाले. आणि मग ती आत गेल्यावर त्यांनी खोडरबर घेऊन ती वाकडी रेघ हलक्या हातानं पुसली आणि खऱ्या रस्त्यावर, प्रत्येक वळण धरून, पुन्हा ओढली.

काकांचा फोन नंबर मी शोधून काढला. फोन त्यांच्या बायकोनं, ओदिलनं उचलला. आल्सासमधली, म्हणजे ऱ्हाईनच्या फ्रेंच काठावरच्या मुलखातली, जुनी माणसं घरात जर्मनसारखी एक बोली बोलतात, त्यामुळं आमचं जमलं. मी कोण हे तिला सांगितलं. मग ती म्हणाली की जेवायला या, आणि किती माणसं ते सांगा.

त्यानंतरचे दिवस घरात विचित्र गेले. बाबा बेताची प्रत्येक बारीक गोष्ट बघत होते, पण त्यातली मजा गेली होती. आईला मागं बसून पाठ दुखू नये म्हणून त्यांनी भाड्याच्या दुकानात जाऊन मागं टेकायला पेटी असलेली गाडी निवडली. तिच्यासाठी आल्याची वडी, गळ्याला रुमाल, सगळं आठवणीनं काढून ठेवलं. एकदा आई आंघोळीला गेली असताना ते मला हळूच म्हणाले, “टानला तू त्यांना घेऊन आत जा. मी खाली गाडीपाशी थांबतो. त्यांचं बोलणं होऊ दे निवांत.”

“बाबा, तुमचा भाऊ आहे तो.”

“माझं काय, मी नंतर भेटंन. त्यांना बोलायचं असंल काही. माझ्यासमोर बोलवणार नाही.”

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखसुद्धा नव्हतं. बस स्टँडवर पाहुण्याला पोचवायला आलेला माणूस जसा उभा असतो तसे ते दिसत होते. त्या क्षणी मला आईचा राग आला. या माणसानं आयुष्यभर तिला फुलासारखं जपलं आणि आता या वयात तिला त्या पळून गेलेल्या माणसाचं तोंड बघायचं होतं. तिला तसं बोलून टाकावं असं फार वाटलं. पण बेत रद्द करा असं बाबाच म्हणत नव्हते, तर मी कोण म्हणणार?

आम्ही निघालो. काळ्या अरण्यात पहिल्या दिवशी हवा इतकी निर्मळ होती की शाउइन्सलांडवरून पलीकडचा व्होज निळ्या भिंतीसारखा दिसत होता. बाबांनी तिकडं एकदा बघितलं आणि हेल्मेट घातलं. ते गाडी अप्रतिम चालवत होते. मागं आई ताठ बसलेली. तिला मळमळलं नाही. दुसऱ्या दिवशी नदी ओलांडली, द्राक्षांच्या मळ्यांतून गेलो, मुन्स्टरला राहिलो. आई त्या गावातल्या धुराड्यांवर घरटी करून बसलेले करकोचे बघून खूश झाली. बाबा तिला कुठल्या घरट्यात पिल्लं आहेत ते बोटानं दाखवत होते. मी मागून बघत होते आणि मनात म्हणत होते, उद्या काय होणार?

माथ्यावरचा तो रस्ता पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यानं बांधला, शत्रूच्या नजरेआडून ये-जा करता यावी म्हणून. दोन्ही बाजूंना उघडी कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गायी आणि वारा. ग्राँ बालाँपाशी आम्ही थांबलो. कॉफी घेतली. तिथून दक्षिणेला लांबवर बर्फाची शिखरं दिसत होती. आल्प्स बघायची बाबांची लहानपणापासूनची इच्छा होती. त्या दिवशी ते समोर होते आणि बाबांचं लक्ष नव्हतं. ते खाली उतरणाऱ्या रस्त्याकडं बघत होते.

“जायचं?” आईनं विचारलं.

“चला,” बाबा म्हणाले.

टान हे डोंगराच्या उंबऱ्यावर बसलेलं गाव. रंगीत कौलांचं एक मोठं चर्च, त्यामागं उभ्या चढावर द्राक्षांचा मळा. काकांचं घर एका चढाच्या गल्लीत होतं. आम्ही गाड्या लावल्या तेव्हा ते दारातच उभे होते. उंच, टक्कल पडलेले, अंगात लोकरीचं जाकीट. मला वाटलं होतं, ते फ्रेंच बोलतील किंवा अडखळत मराठी बोलतील. त्यांनी बाबांकडं नीट बघितलं आणि अस्सल इचलकरंजीच्या सुरात म्हणाले, “दिन्या, किती वाळलास रं.”

बाबा वाकून त्यांच्या पाया पडले. काकांनी त्यांना दोन्ही हातांनी उठवलं. आईनं हेल्मेट काढून केस सारखे केले होते. काकांनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांना तिला काय हाक मारावी हे कळेना. साखरपुडा झाल्यावर तिला त्यांनी नावानं हाक मारलीच नव्हती, आणि धाकट्या भावाची बायको म्हणून मारायचा हक्क आपल्याला उरलाय की नाही, हे त्यांना ठाऊक नसावं. शेवटी त्यांनी नुसते हात जोडले.

बाबा ठरवल्याप्रमाणं मागं सरले. गाडीची चेन जरा सैल वाटतीय, बघून येतो, असं म्हणाले.

“चेन राहू दे,” आई म्हणाली. “तुम्ही आत बसायचं. तुमच्यासमोरच बोलायचंय मला.”

आम्ही आत बसलो. ओदिल ठेंगणी, गोरीपान, गालांवर लाल जाळं उठलेली बाई होती. तिनं कांदा भरलेली खमंग जाड पोळी, तिकडं तिला टार्ट म्हणतात, भट्टीतून काढून आणली. काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. आई काही बोलायच्या आत त्यांनीच सुरुवात केली. म्हणाले की मी तुमचा फार मोठा अपराधी आहे, तुमच्या वडिलांचा आहे, दिनकरचा आहे, मी भ्यालो, घरी येऊन तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही. हे सगळं त्यांनी बरीच वर्षं मनात घोकलेलं असणार, कारण ते न थांबता बोलत होते. आईनं त्यांना पुरं होऊ दिलं.

“अण्णा,” ती म्हणाली, “तुम्ही माफी मागावी म्हणून मी आलेली नाही. तुमची तार आली त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. माझे वडील पडवीत भिंतीला टेकून बसले ते उठेनात. पोरगी जिवाचं काही बरंवाईट करून घेईल म्हणून आई माझ्या उशाशी बसून राहिली. आणि मी डोक्यावरून पांघरूण घेऊन देवाला हात जोडत होते, की बरं झालं. सकाळी कुणी बघत नाही असं बघून मी देवापुढं साखर ठेवली.”

काकांना काही कळलं नाही. मलाही नाही.

“दोन वर्षं संक्रांतीचं, पाडव्याचं, दिवाळीचं घेऊन हेच यायचे आमच्याकडं,” आई बाबांकडं न बघता म्हणाली. “वळणावर गाडीचा आवाज आला की मला आतनं कळायचं. उंबऱ्याबाहेर बसून पाणी प्यायचे, माझ्या वडिलांशी सुताच्या भावाचं बोलायचे आणि जाताना म्हणायचे, येतो वहिनी. तुमचा तर मला चेहरासुद्धा नीट आठवत नव्हता. पण वहिनी म्हणणाऱ्या माणसाबद्दल मनात असलं काही यावं म्हणजे केवढं पाप. मी कुणाला सांगणार होते?”

ओदिलनं माझ्या दंडाला हात लावून हळूच जर्मनमध्ये विचारलं की ती काय म्हणतेय. मी सांगायला लागले, माझी आई म्हणतेय की तिला त्या वेळी, आणि पुढं मला शब्द सुचेनात. ओदिलनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग बाबांकडं, आणि ती उगाच उठून आईच्या ताटात टार्टचा मोठा तुकडा वाढून आली.

“लग्न झाल्यावर सांगीन म्हटलं,” आई म्हणाली. “पण घरात सुतक असल्यासारखं. सासूबाई तुमच्या नावानं रडायच्या. आणि यांचं वागणं असं, की मी कुणाचीतरी ठेव आहे. आज ना उद्या मालक येणार, तोवर नीट सांभाळायची. कधी रागावले नाहीत, कधी हक्कानं चहा कर म्हणाले नाहीत. मी घरी सांगितलं असतं तर यांना वाटलं असतं, बिचारी माझं मन राखायला बोलतीय. म्हणून तुमच्या पुढ्यात सांगायचं होतं. आता यांना कळू दे की कुणाची ठेव नव्हती.”

मग ती टार्ट खायला लागली. तिनं तो तुकडा सावकाश, सगळा खाल्ला.

काकांनी चष्मा काढला आणि डोळे पुसता पुसता त्यांना हसू यायला लागलं. बाबा उठले. दारातून बाहेर गेले. मी काही वेळानं त्यांच्या मागं गेले. ते गाडीपाशी उकिडवे बसले होते आणि चेन बोटानं दाबून बघत होते. मी शेजारी बसले. चेन व्यवस्थित होती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

“मेघू,” ते खाली बघतच म्हणाले, “त्या वेळी विट्याला सणाचं घेऊन कुणी जायचं, हे घरात कुणी ठरवत नव्हतं. मीच आदल्या दिवशी गाडी पुसून ठेवायचो.”

एवढंच. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. समोरच्या मळ्यात कुणीतरी द्राक्षांच्या वेली बांधत होतं, तिकडं आम्ही दोघं बघत राहिलो.

त्या दिवशी आम्ही टानलाच राहिलो. दोघा भावांनी संध्याकाळी ओदिलच्या बागेत बसून कापड रंगवताना कुठल्या रंगाला कोणतं मीठ लागतं यावर वाद घातला. आई आणि ओदिल एकमेकींची भाषा येत नसताना स्वयंपाकघरात वावरत होत्या. त्यानंतर दर रविवारी बाबांचा आणि काकांचा फोन चालायचा. काका गेल्या वर्षी थंडीत गेले, तोवर एकही रविवार चुकला नाही.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या सकाळचं. बेताप्रमाणं आम्ही म्यूलूजवरून नदी ओलांडून जेवायच्या वेळेला घरी पोचणार होतो. गाड्यांवर सामान बांधून झालं. बाबांनी हातमोजे घालता घालता मला बाजूला घेतलं आणि विचारलं की भाड्याच्या दुकानात फोन करून त्यांची गाडी आणखी दोन दिवस ठेवता येईल का. मी म्हटलं येईल, पण मला उद्या कामावर जायचंय.

“तू जा की घरी,” ते म्हणाले. “आम्ही दोघं जरा पुढं जातो.”

पुढं म्हणजे कुठं, मी विचारलं. मी नकाशा काढून त्यांच्या हातात द्यायला लागले, तर त्यांनी तो घेतला नाही. आई तोवर मागं चढून बसली होती. तिला मी म्हटलं की अगं मुक्कामाला कुठं राहणार, तुम्हाला भाषा येत नाही. ती म्हणाली, बघू की.

गावाबाहेर चौकात मला डावीकडं वळायचं होतं. बाबांनी उजवीकडचा इंडिकेटर लावला. तिकडं दुसरा एक घाट वर चढत जात होता, ज्यावर आम्ही कधी पेन्सील टेकवली नव्हती. मी कडेला थांबून त्यांची गाडी झाडांत शिरेपर्यंत बघत राहिले, मग इंजिनाचा आवाज एका वळणावर लहान झाला, पुढच्या वळणावर पुन्हा थोडा मोठा झाला आणि गेला.

ते दोन दिवसांनी संध्याकाळी परत आले, उन्हानं रापलेले आणि भुकेलेले. कुठं गेला होता, म्हणून मी तेव्हाही विचारलं आणि नंतरही कितीदा विचारलं. बाबा हसतात. आई म्हणते, डोंगरात.